सर्कल पडतं तेव्हा आपण वावरात असतो

मानोरा तालुक्यातल्या मायबाप मतदारांनो, १४ जुलै २०२५ ला तुम्ही काय करत होता ते जरा आठवून बघा. बहुतेकांचं उत्तर एकच येईल. डवरे चालू होते. सोयाबीन वितभर वर आलेलं, तुरीच्या ओळी दिसू लागलेल्या, बाया निंदायला गेलेल्या, आणि पाऊस उघाड देतो की नाही या काळजीत घरातला कर्ता माणूस. त्या सोमवारी राज्यातल्या ३२ जिल्हा परिषदा आणि ३३६ पंचायत समित्यांचा कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला. कोणतं गाव कोणत्या गटात, कोणत्या गणात, हे त्यात होतं. आपल्याकडे गटाला कुणी गट म्हणत नाही, सर्कल म्हणतात. तर नवी सर्कलं पडली, आणि त्यावर हरकत घ्यायला मुदत मिळाली २१ जुलैपर्यंत. म्हणजे सोमवार ते सोमवार. मधले शनिवार-रविवार वजा केले तर तुमच्या हातात काय उरलं ते तुम्हीच मोजा.

मी त्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाच्या फलकापुढे उभा राहून ती यादी वाचत होतो. चष्मा वर-खाली करत. गटाचं नाव, गणाचं नाव, त्याखाली गावं, पुढे लोकसंख्या, तिच्यातली अनुसूचित जातीची किती, जमातीची किती. मागून एक ओळखीचा शेतकरी आला.

"गुरुजी, काय पाहून राह्यले? अनुदानाची यादी लागली का?"

"नाही रे बाप्पा. सर्कल पडलं."

"मंग ते पुढारी पाहतीन," असं म्हणून तो युरियाच्या दुकानाकडे निघून गेला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढारी पाहतच होते. कुणी आदल्या दिवसापासून पाहत होतं, कुणी त्याहून आधीपासून. फलकापुढे मी अर्धा तास उभा होतो. तेवढ्या वेळात तिथे जी चार-पाच माणसं आली ती सगळी इच्छुक उमेदवार नाहीतर त्यांची माणसं. ज्याच्या मताची वाटणी चालली होती तो मतदार मात्र एकही नव्हता. मतदानाच्या दिवशी आपण म्हाताऱ्या आईला ऑटोत बसवून केंद्रावर नेतो, बोटाला शाई लावून फोटो काढतो. पण त्या मताला किती वजन राहील हे बऱ्याच वेळा सहा महिने आधी, अशा एखाद्या आठवड्यात, आपण वावरात असताना ठरून गेलेलं असतं. एवढंच सांगायला हे लिहायला घेतलं.

हे कसं घडतं ते एका गावाचा हिशेब मांडून बघू. गावाचं नाव घेत नाही, कारण असं गाव आपल्या तालुक्यात शोधायला लांब जावं लागत नाही. मधे जुनं गावठाण, नाल्यापलीकडे तांडा. मतदार धरा १५००. गावठाणात ९००, तांड्यात ६००. (प्रभाग खरं म्हणजे लोकसंख्येवर पडतात, पण हिशेब सोपा जावा म्हणून मतदारच धरू.) ग्रामपंचायतीचे ९ सदस्य, ३ प्रभाग, एकेका प्रभागात ५०० मतदार आणि ३ सदस्य.

आता पहिली रेघ ओढा. तांड्यातले ५०० एका प्रभागात, उरलेले १०० शेजारच्या प्रभागात, तिसरा प्रभाग सगळा गावठाणाचा. तांड्याला ३ जागा, गावठाणाला ६. साधारण लोकसंख्येला धरून झालं. दुसरी रेघ अशी ओढा की प्रत्येक प्रभागात तांड्याचे २०० आणि गावठाणाचे ३०० येतील. आता तांड्याचा एकही माणूस निवडून येत नाही, नऊच्या नऊ जागा गावठाणाच्या. तिसरी रेघ. दोन प्रभागांत तांड्याचे ३००-३०० आणि गावठाणाचे २००-२००, तिसऱ्यात निव्वळ गावठाणाचे ५००. चाळीस टक्के असलेल्या तांड्याला ६ जागा, साठ टक्क्यांच्या गावठाणाला ३.

माणसं तीच, घरं तीच, एकानंही मत बदललं नाही. प्रभागही तिन्ही वेळा अगदी समान, नियमात बसणारे. फक्त पेन्सिल कुठून फिरली एवढाच फरक. एका बाजूला एका प्रभागात कोंबायचं नाहीतर सगळीकडे थोडं थोडं फोडून टाकायचं, या दोनच युक्त्या आहेत. बाकी सगळे त्यांचेच प्रकार. माणसं वस्तीप्रमाणे गठ्ठ्यानं मतं देत नाहीत, भाऊ भावाविरुद्ध उभा राहतो, हे मलाही ठाऊक आहे. पण रेघ ओढणारा ज्या हिशेबानं ओढतो तो हाच.

सर्कलात आणखी एक खुबी आहे. जिल्हा परिषदेला जिल्ह्यातला मतदार कोणत्याही सर्कलातून उभा राहू शकतो. त्यामुळे एखाद्याला अडवायचं तर त्याचं गाव उचलून शेजारच्या सर्कलात टाकतात. उभं राहायला बंदी नाही, पण घरची मतं हातची गेली. आणि त्याहून बारीक काम आरक्षणाचं. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येची टक्केवारी जिथे जास्त तिथून उतरत्या क्रमानं लागतात, आणि मग त्यांचा फेर फिरतो. म्हणजे एक वस्ती इकडची तिकडे केली की टक्केवारी हलते, आणि कुणाचं तरी सर्कल राखीव होतं किंवा सुटतं. सोडतीच्या दिवशी चिठ्ठी उचलायला लहान पोराला उभं करतात, सगळे टाळ्या वाजवतात. पण चिठ्ठी टाकायच्या आधी डबा कसा भरला, हे विचारायला कुणी नसतं.

याला जगभर एक नाव आहे, जेरीमँडरिंग. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या आराखड्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वाकडातिकडा होता की बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानं त्याला पंख, नख्या आणि तोंड जोडून प्राण्याचं चित्र छापलं. सॅलमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा एक प्राणी. जेरीचा सॅलमँडर तो जेरीमँडर. जेरीसाहेब पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, पण दोनशे वर्षांनी लोकांना त्यांचं नाव आठवतं ते या पालीमुळे. आपल्याकडे असा शब्द पडला नाही. आपण म्हणतो, "वार्ड फोडला", "सर्कल सोयीचं करून घेतलं". म्हणताना थोडं कौतुकही असतं आपल्या बोलण्यात. भाऊंनी बरोबर फिल्डिंग लावली म्हणतो. त्या कौतुकाची मला जास्त काळजी वाटते.

आता ही रेघ ओढतं कोण?

विधानसभा आणि लोकसभेची गोष्ट वेगळी आहे. तिथे संसद कायदा करते, आयोग बसतो, अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, सोबत निवडणूक आयोगाचा माणूस आणि राज्य निवडणूक आयुक्त. शेवटचा असा आयोग २००२ च्या कायद्यानं आला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष होते, आणि २००८ मध्ये त्याचा नकाशा लागू झाला. खासदार-आमदार त्या आयोगात सहयोगी सदस्य म्हणून बसू शकत होते, बोलू शकत होते, पण मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आपल्या जिल्ह्यात त्या नकाशानं मोठी उलथापालथ केली. वाशिम नावाचा लोकसभा मतदारसंघच पुसला गेला. १९७७ ला वसंतराव नाईक आणि पुढे १९८० व १९८४ ला थेट काश्मीरचे गुलाम नबी आझाद जिथून निवडून गेले, तो हा मतदारसंघ. जिल्ह्याचे तीन आमदार राहिले. रिसोड-मालेगाव एक, वाशिम-मंगरूळपीर दुसरा, कारंजा-मानोरा तिसरा. पण लोकसभेला रिसोड अकोल्याकडे गेलं आणि वाशिम, कारंजा यवतमाळला जोडले. एक जिल्हा, दोन खासदार. पुष्कळ जणांना हे अजून टोचतं. मलाही टोचतं. पण त्यात कुणी डाव साधला असं मी म्हणणार नाही. लोकसंख्येचा हिशेब होता, तालुके शाबूत ठेवले होते, आणि नकाशा ओढणाऱ्याला पुढे निवडणूक लढवायची नव्हती. नकाशा आवडला नाही म्हणजे तो बेइमानीचा झाला असं नसतं. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर आपली हरकत नुसती कुरकूर ठरते.

गावाकडे या तसा उलटा प्रकार. आमदारकीच्या हद्दीसाठी न्यायाधीश, आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या प्रभागासाठी तलाठी आणि ग्रामसेवक. (त्यांची पदनावं बदलून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी केलीत, पण माणसं तलाठीच म्हणतात.) ते दोघं गुगल अर्थचा नकाशा घेऊन गावात फिरतात, प्रभाग पाडतात. हरकतींवर उपविभागीय अधिकारी सुनावणी घेतात, जिल्हाधिकारी शेवटची मान्यता देतात. सर्कलांचा आराखडा २०२५ ला जिल्हाधिकाऱ्यांनी केला आणि हरकतींचा निकाल विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी अमरावतीला. ही सगळी माणसं वाईट आहेत असं नाही. मी नोकरीत असताना मतदार याद्यांची कामं केली, कितीतरी तलाठी जिवाच्या करारानं काम करताना पाहिले. पण ज्याची बदली करणं सरकारच्या हातात आहे, त्यानं सरकारातल्या माणसाला नाही म्हणावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? दोष माणसाचा नाही, त्याला जिथे उभं केलंय त्या जागेचा आहे.

आणि सरकारं या जागेचा वापर कसा करतात हे महाराष्ट्रानं पंचवीस वर्षं पाहिलंय. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांचंच घ्या. २००२ ला तीन नगरसेवकांचा एक प्रभाग. २००७ ला एकाचा. २०१२ ला दोघांचा. २०१७ ला चौघांचा. २०१९ संपता संपता कायदा झाला एकाचा, २०२१ ला ठरलं तिघांचा, २०२२ ला सरकार बदललं आणि पुन्हा चौघांचा. शहरांची भूगोलाची पुस्तकं दर पाच वर्षांनी बदलतात का? बदलली ती गणितं, आणि ती लोकांच्या सोयीची नव्हती. मुंबईत जागा २२७ च्या २३६ झाल्या आणि २३६ च्या परत २२७. जिल्हा परिषदेला कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ सदस्य होते, ते एका सरकारनं ५५ ते ८५ केले, दुसऱ्यानं येऊन पुन्हा ५० ते ७५ वर आणले. यात एका पक्षाला धरून झोडण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती पेन्सिल आली त्यानं ती चालवली.

वाशिमचा या प्रकरणाशी जवळचा संबंध आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या ५२ जागांची निवडणूक जानेवारी २०२० ला झाली. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ओबीसी आरक्षणाबद्दल निकाल दिला. एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नको आणि आधी मागासलेपणाची माहिती गोळा करा, असं त्यात होतं. त्या निकालानं आपल्या सभागृहातल्या १४ जागा रिकाम्या झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक घ्यावी लागली. तिथून सगळं राज्य अडकलं. मार्च २०२२ ला विधिमंडळानं कायदा बदलून प्रभाग पाडण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले आणि आयोगानं केलेलं काम रद्द झालं. ओबीसींची माहिती जमवायला वेळ हवा, हे कारण त्या वेळी सांगितलं गेलं. कारण खरं असेलही. ते कारण पटलं म्हणून विधिमंडळात सगळे पक्ष एकत्र आले होते. पण वेळ मागायचा होता तर वेळ मागायचा, पेन्सिल कशाला मागितली? आणि गंमत बघा, ज्यांनी अधिकार घेतले ते चार महिन्यांत सत्तेबाहेर गेले आणि अधिकार मिळाले विरोधकांना. पुढे खटले चालत राहिले, ठिकठिकाणी प्रशासक बसले, आणि शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे तो जुलैचा आराखडा आला. तोही २०११ च्या जनगणनेवर. चौदा वर्षांत आपला कोणता तांडा किती वाढला, कोणत्या गावातली किती घरं पुण्या-मुंबईला, ऊसतोडीला गेली ती परतलीच नाहीत, याचा त्या आकड्यांना पत्ता नाही.

हे सगळं आताच का सांगतो? कारण पुढची खरी वेळ येते आहे. नव्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. लोकसभेच्या जागांची राज्याराज्यांतली वाटणी अजून १९७१ च्या लोकसंख्येवर गोठलेली आहे, हद्दी २००१ च्या, आणि सर्कलं २०११ ची. नवे आकडे आले की ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक रेघ पुन्हा हलणार. महिलांना विधानसभा-लोकसभेत एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची घटनादुरुस्तीसुद्धा त्या नव्या हद्दींशी बांधलेली आहे. आणि एकदा रेघ पक्की झाली की कोर्टाचा दरवाजा फार अरुंद होतो. पंचायतींच्या हद्दींबाबत कोर्टानं दखल घेऊ नये असं घटनेतच लिहिलंय. २०२४ ला गुजरातच्या बारडोलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, उघड मनमानी असेल तर आम्ही बघू शकतो. चांगलं झालं. पण मानोऱ्याच्या शेतकऱ्यानं त्यासाठी दिल्लीपर्यंत जायचं का?

तेव्हा मागायचं काय ते आत्ताच मागून ठेवू. आमदार-खासदार मतं मागायला गावात येतील तेव्हा गटाराचं, रोहित्राचं बोलाच, पण हेही बोला. प्रभाग आणि सर्कलं पाडण्याचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्या. हरकतींची सुनावणी निवृत्त जिल्हा न्यायाधीशासारख्या माणसापुढे आणि तालुक्याच्याच गावी होऊ द्या. सभागृहात किती सदस्य, प्रभागात किती सदस्य हे एकदा ठरवा आणि पुढच्या जनगणनेपर्यंत हात लावू नका. अमेरिकेत आयोवा नावाचं शेतकऱ्यांचं राज्य आहे, मका आणि सोयाबीन पिकवणारं, आपल्यासारखंच. तिथे १९८० पासून नकाशा एक सरकारी तज्ज्ञ कार्यालय आखतं आणि कायद्यानं त्यांना बंदी आहे की आखताना कोणत्या आमदाराचं घर कुठं आहे हे बघायचं नाही, मागच्या निवडणुकीत कुणाला किती मतं पडली तेही बघायचं नाही. कॅलिफोर्नियात चौदा सामान्य नागरिकांचा आयोग आहे. (तोही अभेद्य नाही. २०२५ ला टेक्सासनं मधेच सोयीचा नकाशा केला, त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानं मतदारांची परवानगी घेऊन लोकसभेपुरता आपला चांगला नकाशा बाजूला ठेवला. शेजाऱ्यानं धुरा कोरला की आपणही कोरायचा, हे तिकडेही आहेच.)

आणि एक साधी मागणी, जिला पैसाही लागत नाही. कच्चा आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवा, तांड्यावर नायकाच्या घरापुढे लावा, आणि हरकतीला महिनाभर मुदत द्या. शक्यतो डवरणीच्या दिवसांत नको.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आहे त्या नियमांतही पुष्कळ जागा आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. नियम सांगतात की प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे होऊ नये. प्रभाग उत्तरेकडून सुरू करायचे, ईशान्येकडून पूर्वेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. हद्द रस्ता, गल्ली, नदी, नाला अशा डोळ्याला दिसणाऱ्या खुणेवर हवी. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका मोजणीदाराला नेमून दिलेली घरं, फोडू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो तुकडे होऊ नयेत. म्हणजे तुमच्या गावात प्रभाग दोनमधून तीन घरांची एक शेपटी नाला ओलांडून प्रभाग तीनच्या पोटात घुसलेली दिसली, तर ती शेपटी का, हे विचारायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. आपल्या नगरपंचायतीच्या १७ प्रभागांनाही तेच लागू. तिथे एका प्रभागाचा एकच नगरसेवक, मतदार मोजके, म्हणून दोन गल्ल्या इकडच्या तिकडे झाल्या तरी निकाल फिरतो.

हरकत लिहिताना मात्र एक पथ्य पाळा. "आमच्या भाऊंची मतं गेली" असं लिहू नका. तुमच्या भाऊंना मतं मिळावीत अशी रेघ मागणं म्हणजे तोच रोग दुसऱ्या अंगानं. मी एका गावात दोन्ही पॅनेलच्या हरकती वाचल्या होत्या, त्यांच्याच माणसांनी आणून दाखवल्या. दोन्हींत नियमाचं नाव नव्हतं, फक्त एकमेकांच्या उमेदवारांची नावं होती. दोन्ही फेटाळल्या गेल्या, आणि खरं सांगतो, मला त्यात अन्याय वाटला नाही. त्या दोन कागदांपेक्षा त्याच गावातल्या एका बचत गटाच्या बाईचा तोंडी प्रश्न मोलाचा होता. ती म्हणाली, "आमची गल्ली एकच, हापशी एक, राशनचं दुकान एक, मंग वार्ड दोन कामून?" हे तिनं कागदावर लिहून दिलं असतं तर उत्तर देणं साहेबांना जड गेलं असतं. तिला कुणी सांगितलंच नाही की लिहून द्यायचं असतं.

म्हणून आत्तापासून एवढं करा. गावाचे २०११ चे प्रगणक गट आणि त्यांच्या हद्दी माहितीच्या अधिकारात मागून ठेवा, नवे आकडे आले की नवे मागा. गावात दहावी-बारावी झालेली पोरं आहेत, त्यांच्या मोबाईलवर गावाचा नकाशा उघडून घरं, गल्ल्या, नाले मोजायला लावा, एक दुपारचं काम आहे. गावठाणातले दोघं, तांड्यावरचे दोघं आणि बौद्धपुऱ्यातले दोघं असे सहा जण आराखडा लागला रे लागला की एकत्र बसून वाचतील, हे आधीच ठरवा. एकत्र बसले तर रेघ फिरवायला आलेल्याला कुणा एकाचा कान धरता येत नाही. सुनावणीला ज्यानं हरकत दिली त्यालाच बोलावतात, तेव्हा ज्याला बोलता येतं त्याची सही कागदावर हवीच. अमरावतीला जायची वेळ आली तर वर्गणी काढून एक गाडी करा, एकट्याची मजुरी बुडू देऊ नका. आणि तुमची हरकत फेटाळली तर का फेटाळली ते लेखी मागा.

हरकतीचा अर्ज साध्या कागदावर, मराठीत, आपल्या अक्षरात लिहिला तरी चालतो. प्रभागाचा किंवा गटाचा क्रमांक, कोणती हद्द खटकली, कोणता नियम मोडला आणि त्याऐवजी रेघ कुठून जावी, एवढं त्यात असू द्या. दोन प्रती करा. एक आत द्या, दुसरीवर तारखेसकट पोच घ्या, आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.